रोगट धमनीच्या भिंतीवरील ताणाचे गणित

लातूरला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी ठिबकच्या नळीचे उदाहरण देतो: आतला दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला भिंतीच्या जाडीने भागले की परिघीय ताण, म्हणजे भिंतीला परिघाच्या दिशेने ओढणारा ताण, मिळतो. निरोगी धमनीसाठी हे सूत्र ढोबळ अंदाजापुरते चालते. रोगट धमनीत मात्र ते अपुरे पडते, कारण तेथे मेदाचा मऊ गाभा, त्यावरचे तंतुमय आवरण आणि कॅल्शियमचे कठीण कण शेजारीशेजारी असतात. गाभा भार पेलत नाही, त्यामुळे तो भार आवरणावर, विशेषतः त्याच्या कडांवर, एकवटतो. आवरण 65 मायक्रोमीटरपेक्षा पातळ असल्यास ते फुटण्याचा धोका मोठा मानला जातो.

फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून ताण काढण्याच्या संगणकीय पद्धतीने) धमनीची प्रतिकृती उभारताना संगणकाचा वेग ही माझ्या मते दुय्यम अडचण आहे; मुख्य अडचण प्रतिमांची आहे. नेहमीच्या सीटी स्कॅनला साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तपशील टिपता येत नाही, म्हणजे ज्यावर सारे अवलंबून आहे ते आवरणच त्यात मोजता येत नाही. धमनीच्या आतून प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेल्या ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) प्रतिमांत 10 ते 20 मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील दिसतो, परंतु प्रकाश खोलवर पोहोचत नसल्याने गाभ्याची मागची सीमा हरवते.

शिवाय रक्तदाब शून्य केला तरी धमनी ताणमुक्त होत नाही; तिचा बांगडीसारखा आडवा तुकडा एका बाजूने चिरला की तो आपोआप उघडतो. हा अवशिष्ट ताण वगळणारी प्रतिकृती आतल्या पृष्ठभागावरचा ताण फुगवून दाखवते.