खुडायचा हात

आमच्या डोंबिवलीच्या घराला बाल्कनी नाही, बॉक्स ग्रिल आहे. म्हणजे खिडकीबाहेर दोन फूट पुढे आलेला लोखंडी पिंजरा. सोसायटीच्या नियमाप्रमाणे त्यात काहीही ठेवायचं नसतं, आणि म्हणून प्रत्येकाच्या पिंजऱ्यात सगळं काही असतं. आमच्यात चार मिरच्या, पुदिना, कोथिंबिरीचा ट्रे, गवती चहाचं एक जुडगं आणि कढीपत्ता आहे. एवढं असूनही गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्ही मिरची-कोथिंबीर विकतच आणत होतो. कारण साधं होतं. मला तोडवत नव्हतं.

बी विकत आणलं असतं तर कदाचित एवढा जीव लागला नसता. फेब्रुवारीत फोडणीसाठी काढलेली एक वाळकी लाल मिरची मोडली आणि तिच्यातलं बी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोकोपीट घालून टाकलं. आठ-दहा दिवस काहीच नाही. मग एका सकाळी पांढुरके, कमरेत वाकलेले सात कोंब. चार-पाच पानांवर आल्यावर रोपं कुंड्यांत हलवली. सातातली तीन गेली, कशी ते विचारू नका.

मिरचीचं फूल कधी नीट पाहिलंय का? लहानसं, पांढरं, आणि मान खाली घातलेलं. एवढ्या जहाल झाडाला इतकं लाजरं फूल, याची मला अजूनही गंमत वाटते. नर-मादी दोन्ही त्याच फुलात असतात, त्यामुळे मधमाशी नाही आली तरी चालतं, वाऱ्याचा हलकासा धक्का पुरतो. आमच्याकडे वारा नसायचा तेव्हा मी टिचकी मारायचो. सकाळी ऑफिसला निघण्याआधी, शर्ट इन केलेला माणूस खिडकीत उभा राहून फुलांना टिचक्या मारतोय, हे समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी पाहिलं असणारच. मे महिन्यात उन्हाने फुलं देठासकट गळाली. त्यातून झाड सावरतंय तोवर चुरडा-मुरडा. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळायला लागली. फुलकिडे रस शोषतात त्याचा हा प्रकार. कडुनिंबाचं तेल फवारलं, कुणी सांगितलं म्हणून आंबट ताकही फवारलं. दोन दिवस बायको विचारत होती, घरात कढी सांडलीय का कुठे?

इतकं सगळं झाल्यावर जूनमध्ये पहिली मिरची लागली. आता ती तोडून पोह्यांत घालायची? आलेल्या-गेलेल्याला मी ती दाखवत होतो. तिकडे स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशी चार मिरच्या आणि दोन काड्या कोथिंबीर पिशवीत फुकट टाकत होत्या, त्या आम्ही मुकाट खात होतो. कढीपत्त्यावर एकदा पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. पुसायला गेलो तर ते हललं. फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी त्या मुद्दाम तशाच दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. त्याही मला काढवल्या नाहीत. आठवडाभरात त्यांनी निम्मं झाड फस्त केलं. निदान कुणीतरी खाल्लं.

आषाढात आई आली. आईचं माहेर-सासर दोन्ही नंदुरबारकडचं. तिच्यासाठी मिरची हे काही कुंडीत मोजायचं प्रकरण नव्हे. तिकडे ओली लाल मिरची सुकवायला मोकळ्या रानात पसरतात, त्याला पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर जमीन लाल, आणि वारा फिरला की गाडीत बसलेल्यालाही ठसका. अशा मुलखातून आलेल्या बाईने चष्मा वर करून माझी चार रोपं पाहिली.

“या काय, शोभेला ठेवल्यात?”

“अगं, वाढू दे की जरा.”

“वाढल्यात. आता म्हाताऱ्या होतील. झाडावर मिरची पिकली की झाडाला वाटतं, झालं आपलं काम. मग ते फुलं कशाला धरेल?”

हे खरं आहे, मी नंतर वाचून खात्री केली. झाडाची सगळी धडपड बी तयार करण्यासाठी. हिरवी असतानाच तोडली की ते पुन्हा फुलोऱ्यावर येतं. पण आईला वाचायची गरज नव्हती. ती बोलता बोलता तोडतही होती.

त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की या सगळ्याला आपण एकच क्रियापद वापरत नाही. मिरची तोडायची. देठ धरून वर उचलली की कट्कन येते, खाली ओढली तर फांदीच हातात. पुदिना खुडायचा, तोही शेंड्याकडून. मग त्याच काडीला दोन फांद्या फुटतात. गवती चहा कापायचा, आणि जपून, कारण पात्याच्या कडा बोट चिरतात. कढीपत्त्याची डहाळी मोडायची. कोथिंबीर उपटायची. माझ्याकडे या सगळ्यांसाठी एकच क्रियापद होतं, बघणे.

कोथिंबिरीला मात्र उशीर झाला होता. धणे वहाणेखाली रगडून, दोन फाकं करून मी ते पेरले होते, आणि उगवलेही छान. न उपटल्यामुळे आता त्यांची पानं बडीशेपेसारखी बारीक झाली होती आणि वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. “याचे आता धणेच धर,” आई म्हणाली. शेजारच्या ताईंनी कौतुकाने दिलेलं बेझिलचं रोप तिने चुरगळून हुंगलं. “हा तर सब्जा.” पिझ्झ्यावर घालायचं इटालियन पान आणि फालुद्यातल्या बुळबुळीत बिया एकाच जातकुळीच्या, हे मला ठाऊकच नव्हतं.

तोडताना ती सावता महाराजांचा अभंग गुणगुणत होती. लसूण, मिरची, कोथिंबिरी, अवघा हरी. माझ्या डोक्यातला किडा वळवळला. म्हटलं, आई, मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी आणली, सोळाव्या शतकात. सावता महाराजांनी समाधी घेतली 1295 साली. मग अभंगात मिरची आली कुठून?

आईने क्षणभर विचार केला. “मिरी असेल. नाहीतर मागाहून कुणीतरी घातली असेल. चवीला.” आणि पुढची मिरची तोडली.

एकोणीस निघाल्या. तव्यावर तेलात लसणीबरोबर परतल्या, दाणे घातले, मीठ घातलं, आणि तिथेच तव्यात तांब्याच्या बुडाने रगडल्या. मिक्सरकडे बघितलंसुद्धा नाही. ठेचा असा झाला की पहिल्या घासाला कुणी बोललं नाही आणि दुसऱ्याला कुणी थांबलं नाही. मी शहाणपणा करून एका मिरचीतलं बी काढून टाकायला गेलो होतो. तिखटपणा बियांत नसतो, बी ज्याला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढऱ्या गराच्या शिरांत असतो. तोच माझ्या बोटांना लागला आणि तीच बोटं मी डोळ्याला लावली. पाण्याने धुऊन काही उपयोग झाला नाही, हातावरचं तिखट तेलाने निघतं. आईने बोटांना गोडेतेल चोळून दिलं आणि हसणं आवरायचा जराही प्रयत्न केला नाही.

ती गेल्यावर मी शिस्तीने तोडतो. दर रविवारी सकाळी. फुलं पुन्हा आली, चुरडा-मुरडाही आला, ताक फवारलं. परवा तिचा फोन होता.

“किती निघाल्या?”

“अकरा.”

“आणि झाडावर किती ठेवल्यास?”

“एकही नाही,” मी म्हटलं.

एक आहे. मागच्या बाजूला, पानाआड, बियांसाठी म्हणून ठेवलेली. चांगली लालभडक झाली आहे. गेले दोन दिवस एक बुलबुल ग्रिलवर येऊन बसतोय आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघतोय. पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही. त्यामुळे त्याला माझ्यासारखा विचार करावा लागणार नाही. मी खिडकी लावून घेतली आहे, आणि काचेतून बघतोय.