मंडळातला १ मे

आमच्या इंदूरच्या मंडळात १ मेला दोन सत्कार ठरलेले असायचे, एक महाराष्ट्र दिनाचा म्हणून कुणा गायकाचा नाहीतर लेखकाचा आणि दुसरा एखाद्या मिल कामगाराचा, आणि खरं सांगते, हॉल भरायचा तो दुसऱ्यासाठी. परदेशीपुरा, पाटणीपुरा, मालवा मिल तिकडून सगळी मंडळी टेम्पोत बसून, सायकलवर डबलसीट अशी यायची, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, आल्याआल्या पन्हं आणि मग पंख्याखालची जागा धरायची घाई.

माग खात्यातले एक काका दरवर्षी बोलायचे. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला त्यामुळे आवाज एवढा की माइक लागायचाच नाही, आणि मिलमध्ये सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखायचे म्हणून आम्ही पोरं पुढे बसून आवाज न काढता नुसते ओठ हलवून प्रश्न विचारायचो. काकांचं उत्तर बरोबर आलं की टाळ्या!

शिकागोची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकली. १८८६ च्या १ मेला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत लाखो कामगार संपावर गेले, ४ मेला हेमार्केटच्या सभेत बॉम्ब फुटला, तो कुणी टाकला ते कधीच सिद्ध झालं नाही तरी पुढच्या वर्षी चौघांना फाशी दिलं. मग १८८९ ला पॅरिसच्या परिषदेत जगभर आठ तासांसाठी १ मेला निदर्शनं करायचं ठरलं आणि आपल्याकडे १९२३ ला मद्रासमध्ये सिंगारवेलू चेट्टियार यांनी पहिला मे दिन केला. एवढं झालं की काका महूवर यायचे. महू आमच्या शेजारचंच, बाबासाहेबांचा जन्म तिथला, आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं त्यांच्याकडे होतं, १९४६ ला कारखान्यात आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले. हे सांगताना काका उभे राहायचे, मागोमाग अख्खा हॉल.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटींचा चेक निघाला थेट डिसेंबर २०२३ मध्ये, तोवर कितीतरी जण गेले होते. पुढच्या १ मेला त्यांच्या बायका, सुना आल्या होत्या, सत्कार त्यांचाच केला आणि काकूंनी घरातली पगाराची जुनी पाकिटं दाखवायला आणली होती. ती पाकिटं मंडळाच्या कपाटात काचेमागे लावूया असं मी मीटिंगमध्ये सांगितलंय, ज्यांच्या घरी असतील त्यांनी प्लीज आणून द्या.