तुम्ही विचारलंत म्हणून: जुनेच प्रिंटर बरे होते का?

"काका, पूर्वीचे इंकजेट टिकायचे. आताची नुसती खेळणी, हो ना?" सदाशिव पेठेत प्रिंटआउट काढून देणाऱ्या माणसाला हे विचारताना तुमचं उत्तर ठरलेलंच असतं. मी मान हलवायची, तुम्ही सुस्कारा सोडायचा. बरीच वर्षं मी हलवलीही.

माझा जुना डेस्कजेट, म्हणजे एचपीचा इंकजेट, टिकला, कारण त्याचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, कार्ट्रिजवरच होतं. शाई संपली की हेडसकट फेकायचं, नव्या कार्ट्रिजबरोबर नवं हेड. सगळ्यात नाजूक भाग दर वेळी कोरा आणि कौतुक मात्र मशीनचं! त्याचे पैसेही आपणच मोजत होतो. "रंगीत कशाला, काळं चालेल की," असं गिऱ्हाइकाला मीच पटवायचो. शिवाय तुम्हाला आठवतो तो टिकलेला प्रिंटर. दोन वर्षांत भंगारात गेले ते कोणाला आठवतात?

माझ्या आताच्या टँकवाल्याचं, म्हणजे टाकीत बाटलीतून शाई भरायच्या प्रिंटरचं, हेड मशीनमध्येच बसवलेलं. पान स्वस्त पडतं, पण मे महिन्यात गावाला जाऊन या, हेडचे नोझल, म्हणजे शाईची बारीक भोकं, सुकलेले. मग हेड क्लीनिंग मारा, म्हणजे मशीन शाई सोडून नोझल धुतं. ती वाया गेलेली शाई मशीनच्या पोटातल्या पॅडमध्ये मुरते.

त्या पॅडनेच घात केला. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेची आदली रात्र, दारात हॉल तिकिटासाठी पोरांची रांग. टँक भरलेले, हेड ठणठणीत, आणि मशीन थांबलं: पॅडचं आयुष्य संपलं म्हणे. पॅड खरंच किती भिजलंय हे ते बघत नाही. आत एक काउंटर असतो, तो अंदाजाने मोजतो. आकडा भरला की काम बंद. शनिवारी रात्री सर्व्हिसवाला कुठून आणू? बीडचा एक मुलगा सारखा मोबाइलमध्ये घड्याळ बघत होता. मी माळ्यावरून डेस्कजेट काढला, कार्ट्रिज कोमट पाण्याच्या ओल्या टिश्यूवर दाबलं, तर टिश्यूवर काळीभोर रेघ! पोरं ओरडली. पण केबल लावायची कुठे? त्याची जुनी केबल लागते ते पॅरलल पोर्टच लॅपटॉपला नाही. दोन्ही मशीनं शाई उडवायला तयार आणि पान एकही निघेना. "असू द्या काका," म्हणत पोरं एकेक करून पुढच्या दुकानात गेली. तो बीडचा शेवटपर्यंत थांबला होता, त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तुम्ही मेंटेनन्स करत नसाल, असं ऐकवणारेही भेटतात. करतो हो! रोज नोझल चेकचं पान काढतो. काउंटरला त्याचं काय?

तेव्हा मी शपथ घेतली होती, पुन्हा नवं मशीन नको. ती टिकली नाही. डेस्कजेटवर पानामागे शाईचे जेवढे पैसे जाळायचो, त्या हिशोबात आज दुकान चालणार नाही. पॅड बदललं, काउंटर शून्यावर आणला, टँकवाला पुन्हा धावतोय.

आता मुलगी म्हणते, नवीन मॉडेल घ्या. बऱ्याच मॉडेलांत वाया गेलेल्या शाईचा डबा आपल्यालाच बदलता येतो. बरोबर आहे तिचं. पण टिकाऊ मशीन हवं म्हणून चालू मशीन टाकायचं, हे अजून माझ्या गळी उतरत नाही.