नवा येतोय म्हणे, थांबू का?

"बाई, दिवाळीला नवा येतोय म्हणत्यात. तवर थांबू का?"

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा परवा शाळेच्या पायरीवर बसून विचारत होते. दोन बोकडं विकलेली, पैसे कोपरीच्या आतल्या खिशात, नात पाचवीत. तिला टॅब घ्यायचं घरात ठरलेलं. पण पुण्याला कामाला असलेला शेजारचा पोरगा सांगून गेला, आत्ता घेऊ नका, पुढचं मॉडेल आणखी पातळ आणि आणखी फास्ट येणार आहे. आजोबा पेचात पडले.

मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. २०१६ साली लोकवर्गणीतून आमच्या शाळेत दहा टॅब आले. तेव्हापासून हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कधी टॅबचा, कधी फोनचा. दसरा जवळ आला की जास्त. पायरीवर बसून सगळं बोलणं होत नाही. नव्या टॅब-फोनसाठी थांबावं का आणि पुढच्या टॅबमध्ये मला काय हवंय, हे तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहिते.

आजोबांना मी म्हटलं, "नका थांबू." त्यामागे बरंच काही आहे.

येणाऱ्या वस्तूबद्दलच्या गोष्टी मी बरीच वर्षं ऐकत आलेय. २०१० च्या जानेवारीत ॲपलचा टॅबलेट जाहीर व्हायचा होता, तेव्हा माझा धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याच्या होस्टेलवर दुसरा विषय नसायचा. लोकांनी त्याचं नावसुद्धा परस्पर ठेवून टाकलं होतं, आयस्लेट. किंमत हजार डॉलरच्या घरात जाणार, हेही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. २७ जानेवारीला स्टीव्ह जॉब्ज यांनी मंचावर आधी ९९९ चा आकडा दाखवला आणि मग त्याच्या जागी ४९९ आणला. नाव निघालं आयपॅड. नाव चुकलं, किंमत निम्म्यानं चुकली. आणि हे अंदाज करणारे लोक त्याच धंद्यातले, रोज त्यावरच लिहिणारे होते.

उलटंही होतं. त्याच कंपनीनं २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई जाहीर केली. फोन, घड्याळ आणि कानात घालायचे इअरफोन एकाच वेळी तिच्यावर ठेवायचे. दीड वर्ष लोक वाट बघत राहिले. २०१९ च्या मार्चमध्ये कंपनीनं सांगितलं, जमत नाही, सोडून दिलं. म्हणजे खुद्द बनवणाऱ्यानं सांगितलेलंसुद्धा यायचं राहतं. मग शेजारच्या पोरानं सांगितलेल्यावर दोन बोकडांचे पैसे किती दिवस अडकवून ठेवायचे?

भावाचा जीव मात्र आयपॅडवर नव्हता. तो ज्याची वाट बघत होता तो टॅबलेट आपल्याकडचा होता. नोशन इंक नावाच्या भारतीय कंपनीचा 'ॲडम'. २०१० च्या सुरुवातीला लास व्हेगासच्या प्रदर्शनात तो दाखवला गेला. त्यातली 'पिक्सेल ची' नावाची स्क्रीन वेगळ्याच जातीची होती. मागचा प्रकाश बंद केला तरी ती बाहेरच्या उजेडावर वाचता यायची. जितकं ऊन जास्त, तितकं स्पष्ट. भावानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तालुक्याच्या टोकाच्या एका वस्तीशाळेवर होते. वर्ग एक खोलीचा, पत्र्याचा. मार्च लागला की मुलं लिंबाखाली बसवायची. उन्हात वाचता येणारी स्क्रीन म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

ॲडम लोकांच्या हातात पडायला २०११ चा जानेवारी उजाडला, तोही थोड्यांच्याच. पुढे त्या जातीची स्क्रीन बाजारातून हळूहळू दिसेनाशी झाली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. कारण ती कल्पना मुळात मुलांसाठीच जन्मली होती. 'पिक्सेल ची' काढणाऱ्या मेरी लू जेप्सन यांनी त्याआधी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या, गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची स्क्रीन घडवली होती. ते लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेतही आले होते. म्हणजे उन्हात वाचता येणारी स्क्रीन महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या पोरांच्या मांडीवर येऊन गेलेली आहे. त्यानंतर इतक्या वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, कॅमेऱ्यांच्या मागे कॅमेरे लागले, आणि माझ्या वर्गातली मुलगी मात्र टॅबवर ओढणीचा तंबू करून त्यात डोकं खुपसून कविता वाचते.

हे दृश्य मी रोज बघते. एक जण दोन्ही हातांनी सावली धरतो, दुसरा वाचतो, मग अदलाबदल. स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो, मागे आभाळ दिसतं, अक्षर दिसत नाही. उजेड पूर्ण वाढवला की बॅटरी दुपारच्या सुट्टीच्या आत संपते.

तेव्हा पुढच्या टॅबमध्ये तुम्हाला काय हवंय, असं कुणी मला विचारलं तर पहिली मागणी ही. उन्हात वाचता यावं. हे अशक्य नाही. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत डेलाइट नावाच्या कंपनीनं अशी स्क्रीन असलेला टॅबलेट काढला. त्यात रंग नाहीत आणि किंमत ७२९ डॉलर. रंग नसले तरी चालतील मला. बालभारतीची किती पुस्तकं आम्ही झेरॉक्सवर शिकवलीत! पण किंमत आपल्या आवाक्यातली हवी.

दुसरी मागणी बॅटरीची, आणि ती सांगताना मला त्रास होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. टॅब कपाटात होते. लोखंडी कपाट, वर पत्रा, माणचा एप्रिल आणि मे. जूनमध्ये मी कपाट उघडलं तर दहापैकी चार टॅब फुगलेले. एकाची मागची पाठ उचलली जाऊन स्क्रीन कडेनं सुटली होती आणि फटीतून चंदेरी पाकीट दिसत होतं, आंबलेल्या दुधाच्या पिशवीसारखं टरटरून. आणखी तीन सुरूच झाले नाहीत. उरले तीन. ज्या वर्षी पोरांना टॅबची सगळ्यात जास्त गरज होती, त्या वर्षी. ते तीन घेऊन मी वस्त्या-वस्त्यांवर फिरले. त्यातल्या एकावर शिकवण्याचं ॲप अपडेटच होईना, कारण त्यातलं अँड्रॉइड जुनं आणि कंपनीनं एकदाही नवं दिलेलं नाही.

ही लिथियमची बॅटरी दोन गोष्टींना भिते. पूर्ण भरलेली असताना उष्णता, आणि पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडून राहणं. पहिल्यानं आत वायू तयार होऊन ती फुगते, दुसऱ्यानं मरते. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. काही टॅब मी पूर्ण चार्ज करून ठेवले होते, काही तसेच रिकामे. दोन्ही चुकलं.

साताऱ्याच्या दुरुस्तीवाल्यानं एक टॅब माझ्यासमोर उघडला. गरम हवेची बंदूक कडेनं फिरवून आधी गोंद सैल केला, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून वीस मिनिटं हळूहळू उचलत राहिला. बॅटरीसुद्धा आत गोंदानंच चिकटवलेली. शेवटी म्हणाला, "मॅडम, या मॉडेलची बॅटरीच येत नाही आता." टॅब चार वर्षांचा होता. गावातल्या माणसांनी शंभर-शंभर, दोनशे-दोनशे रुपये काढून घेतलेला.

२००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आठवतोय? बॅटरी बदलायची तर अंगठ्यानं पाठ सरकवायची. बीएल-५सी म्हटलं की कुठलाही दुकानदार डब्यातून काढून द्यायचा. तशीच बॅटरी आज आठवडी बाजारात मिळणाऱ्या छोट्या रेडिओत असते, म्हणून अजूनही मिळते. मला टॅबमध्ये नेमकं तेच हवंय. दोन स्क्रू, एक झाकण आणि चार-दोन ठरलेल्या मापांच्या बॅटऱ्या.

इथे मात्र वाट बघावी असं काहीतरी खरंच घडतंय. युरोपीय संघानं कायदा केलाय, की १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. फोन-टॅबना त्यात एक सवलत आहे. धूळ-पाणी आत शिरू न देणाऱ्या आणि १००० वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता राखणाऱ्या उपकरणाची बॅटरी कारागिरानं बदलली तरी चालेल. मला ती सवलत आवडली नाही, पण तेवढी टिकणारी बॅटरी आमच्या कपाटात असती तर मी तक्रार केली नसती. शिवाय २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅबलेटसाठी आणखी नियम लागू झालेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. "मॉडेल बंद झालं" हे वाक्य तिथे सात वर्षं म्हणता येणार नाही.

आपल्याकडे काय येईल? चार्जरच्या बाबतीत काय झालं ते बघा. युरोपनं सगळ्यांना एकच सी टाइप करायला लावलं आणि २०२३ च्या आयफोन १५ मध्ये ते आलं, साऱ्या जगासाठी. एका बाजारासाठी वेगळा साचा काढणं कंपन्यांना परवडत नाही. बॅटरीचंही तसंच होईल अशी मला आशा आहे. पण महागड्या मॉडेलांत ते आपोआप येईल आणि फक्त आपल्यासाठी बनणाऱ्या आठ-दहा हजारांच्या टॅबमध्ये येणार नाही, ही भीतीही आहे. आपल्या सरकारनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. आता युरोपसारखा नियम हवा, वर्षांचा आकडा घालून.

तशी वस्तू बनवता येते, हे सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेनं दाखवलंय. कारखान्यांत आणि गोदामांत वापरायचे टॅब ते. पाठ हातानं उघडते, बॅटरी बदलता येते, आणि काही मॉडेलं तर बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालतात. कारखान्याला जे देता येतं ते शाळेलाही देता यायला हवं. पोरांच्या हातून वस्तू गोदामातल्यापेक्षा कमी पडत नाहीत.

तिसरी मागणी लहान आहे, पण माझ्या फार जिव्हाळ्याची. पहिलीच्या मुलांना मी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, म्हणजे मराठी वळणाचे ल आणि श, गिरवायला शिकवते. बालभारतीच्या पुस्तकात तेच आहेत. टॅब सुरू केला की बहुतेक वेळा समोर हिंदी वळणाचे ल आणि श येतात. नुकतं अक्षर ओळखायला लागलेलं मूल थबकतं आणि माझ्याकडे बघतं. "बाई, हे कोणतं?" भाषा मराठी निवडली की अक्षरंही मराठी वळणाची यावीत. याला नवा चिप लागत नाही, फक्त कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

फोनचं थोडक्यात सांगते. किती कॅमेरे, किती रॅम हे मी बघतच नाही. अपडेट किती वर्षं देणार, एवढंच दुकानदाराला विचारा. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये एस २४ ला सात वर्षांचा शब्द दिलाय. स्वस्त फोनला तसा शब्द क्वचितच मिळतो, आणि ज्याला तोच फोन सात वर्षं वापरावा लागणार आहे तो माणूस नेमका स्वस्त फोन घेतो. माझी खरी इच्छा पुढच्या वर्षीच्या सगळ्यात महाग फोनबद्दल नाहीच. सगळ्यात स्वस्त फोनला पाच वर्षं अपडेट मिळू देत.

आणि थांबायचंच असेल तर नव्यासाठी थांबू नका. नवं मॉडेल दुकानात आलं की मागच्याचा भाव उतरतो, सणाच्या विक्रीत आणखी उतरतो. महिनाभर हाताशी असेल तर त्या मागच्यासाठी थांबा. मुलाचा अभ्यास अडला असेल तर तेवढंही नको.

आजोबांना मी तीन कामं सांगितली. दुकानात नातीला सोबत न्या. टॅब हातात घेऊन पायरी उतरून रस्त्यावर उन्हात या आणि तिला तिथे एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. आणि बॅटरी कुठे बदलून मिळेल, तो पत्ता बिलाच्या मागे लिहून घ्या.

चौथं सांगायचं राहिलं होतं, ते नातीच्या वहीत लिहून पाठवलं: दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे निघाल की टॅब निम्मा चार्ज करून बंद करायचा, पत्र्याखालच्या पेटीत ठेवायचा नाही. आतल्या खोलीत, माठाच्या बाजूच्या कोनाड्यात, कापडात गुंडाळून. महिन्यानं कुणीतरी एकदा चार्जिंग बघायचं.