सुलेमान एफेंदींचं कुरूप

इस्तंबूलला नवे बूट घालून जाऊ नये, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. एयुपच्या टेकडीवर रोपवेनं गेलो, चहा प्यायलो आणि कबरस्तानातल्या वाटेनं उतरायला लागलो, तर शंभर पावलांत डाव्या करंगळीनं बोंब ठोकली. मग दर दहा कबरींमागे एक थांबा. त्यामुळे दगड मात्र नीट बघून झाले.

ऑटोमन काळातले उभे दगड, पुरुषांच्या दगडावर कोरलेली पगडी. पगडीच्या घाटावरून हुद्दा कळे. १८२९ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदनं दरबारी मंडळींना फेझ टोपी सक्तीची केली, तशा दगडांनीही टोप्या बदलल्या. बायकांच्या दगडांवर फुलं. देठाशी मोडलेला गुलाब दिसला की समजायचं, तरुणपणीच गेली.

आणि खाली तिरक्या ओळींत कविता. एका दगडापाशी कॉलेजातली एक मुलगी नुसतीच उभी होती. तिला त्यातलं अक्षरही वाचता येईना, कारण १९२८ मध्ये तुर्कस्ताननं अरबी लिपी टाकून रोमन घेतली. मला अडखळत का होईना, उर्दू वाचता येतं. मी बोट ठेवून अक्षरं लावली : ‘हुवल बाकी’. उरणारा तोच. आपल्या वजाबाकीतली बाकी ती हीच! पुढची ओळ मी वाचली आणि अर्थ तिनं सांगितला :

झियारेत्तेन मुराद बिर दुआदिर,
बुगुन बाना इसे यारिन सानादिर.

भेटीला यायचं ते एका दुआसाठी. आज माझी पाळी, उद्या तुझी. हे कडवं असंख्य कबरींवर सापडतं, एखाद्या छापील पत्रिकेसारखं. झियारत, मुराद, दुआ मला तिनं सांगायच्या आधीच कळले होते. दोघांत मिळून एक वाचक झाला.

खरी कारागिरी बऱ्याचदा शेवटच्या ओळीत असते. अलिफचा १, बेचे २, अशी अक्षरांची बेरीज केली की मृत्यूचं हिजरी वर्ष निघतं. याला तुर्कीत ‘तारीख पाडणं’ म्हणतात. आपल्याकडे तारीख कोर्टात पडते. मी कागदावर बेरीज मांडली, दोनदा चुकलो, सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सपाता घालून बॉस्फरसच्या काठावरच्या आशियान कबरस्तानात. कवी याह्या केमालच्या दगडावर त्याच्याच ओळी आहेत : थंडगार सुरूंखाली कबर, पहाटे गुलाब, रात्री बुलबुल. सुंदर, पण जरा जास्तच सुंदर. दुसरा तुर्की कवी ओरहान वेली (१९१४–१९५०) याच कबरस्तानात आहे. १९३८ मध्ये त्यानं ‘किताबे-इ सेंग-इ मेझार’ लिहिली. कबरीच्या दगडावरचा लेख. संगमरवरातला संग तोच. शीर्षक असं भारदस्त, आणि आत कोण, तर सुलेमान एफेंदी नावाचा साधा माणूस, ज्याला जगात सर्वांत जास्त छळलं ते पायाच्या कुरूपानं. आपण कुरूप जन्मलो याचंही त्याला एवढं दुःख नव्हतं. तुर्कीत हे दोन वेगळे शब्द आहेत; मराठीत एकच, आणि कविता आयतीच आणखी खट्याळ होते. कवितेत पायाचं कुरूप आलं म्हणून तेव्हाचे जाणते खवळले होते.

बूट चावत नसेल तेव्हा हा सुलेमान अल्लाचं नाव घेत नसे, तरी त्याला पापी म्हणता येणार नाही, असं वेली म्हणतो. एयुपचा उतार संपेपर्यंत मी किती वेळा ‘अरे देवा’ म्हटलं, ते त्या मुलीनं ऐकलं असणार.