स्लॅब एक की दोन? अलिबागच्या साईटची तिसरी फेरी

बिल्डरचं पत्र आलं: स्लॅबचं काम पूर्ण झालं आहे, करारानुसार पुढचा हप्ता पंधरा दिवसांत भरावा. आता आमच्या रो-हाऊसला स्लॅब दोन. झालाय तो एक की दोन्ही, हे पत्रावरून कळेना. फोन केला तर "सर, काम जोरात चालू आहे" एवढंच उत्तर. म्हणून ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी मी, सौ. आणि ठाण्यात साईट सुपरवायझर असलेला धाकटा मेहुणा असे तिघं निघालो.

प्रकल्प मांडवा ते किहीम पट्ट्यातला. कंपाऊंड, गेट, आत पन्नासेक घरं, मागच्या सुरूच्या झाडांमधून समुद्राचा आवाज. नाव मुद्दाम देत नाही, भांडण अजून आमचंच आहे.

आधी जायचं कसं ते सांगतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि सप्टेंबरात हळूहळू सुरू होतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, मात्र हवामान बरं असेल तर पावसातही चालते, तासाभरात मांडवा. साईट बघायला जाणार असाल तर रो-रोनं स्वतःची गाडी घेऊन जा. मांडव्याहून रिक्षा मिळते, पण ती तुम्हाला गेटवर सोडून निघून जाते आणि परतीला उन्हात चालत मुख्य रस्त्यापर्यंत यावं लागतं. पहिल्या फेरीत आम्ही ते केलंय. शनिवार-रविवारी परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. रस्त्यानं यायचं तर अटल सेतूमुळे मुंबईतून सुटका लवकर होते हे खरं, पण वडखळची वाहतूक कोंडी आपल्या जागी आहेच. सुट्टीच्या दिवशी सेतूवर वाचवलेली वीस मिनिटं वडखळला व्याजासकट जातात.

गेट झकास झालंय. चिऱ्याची कमान, दोन बाजूंना पाम, आत काळ्याभोर डांबराचा रस्ता, कारंजं. मार्चमध्ये आलो तेव्हाही एवढंच होतं, फक्त कारंजं चालू नव्हतं. सौ. फोटो काढायला लागली तसा मेहुणा म्हणाला, "ताई, ते ब्रोशरमध्ये आहे. चल मागे."

मागे आमची रांग. तळमजल्याचा स्लॅब झालेला, त्यावरचे कॉलम उभे. वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा, लागलंय, सळ्या अर्ध्या बांधून झाल्यात. काँक्रीट नाही. म्हणजे पत्र एका स्लॅबवर आलं होतं. महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नमुना करारात हे टप्पे स्पष्ट लिहिलेत: करार नोंदवल्यावर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०. आमच्या करारातही हेच आहे. तुमचा करार काढून त्या पानावर खूण करून ठेवा आणि साईटवर जाताना ते पान बरोबर न्या. फोनमध्ये पीडीएफ असून भागत नाही. साईट ऑफिसात कागद टेबलावर ठेवला की आवाज बदलतो.

खरं बघण्यासारखं सेंट्रिंगवर होतं. मेहुणा शिडीवरून वर गेला, मी पाठोपाठ. गच्चीच्या बाहेर आलेला छज्जा समुद्राच्या बाजूला आहे. सळीखाली काँक्रीटला जागा राहावी म्हणून ठेवतात ते ठोकळे, कव्हर ब्लॉक, त्यानं तिथे टेपनं मोजले: २५ मिलिमीटर. किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीट सांगितलंय. मग त्यानं गाडीची किल्ली कॉलमच्या वर आलेल्या सळीवर घासली. बोटाला नुसती तांबूस पूड लागली. "हे चालतं भाऊजी, ब्रशनं जातं," म्हणाला. दोन घरं सोडून कोपऱ्यावरच्या कॉलमला तीच किल्ली लावली तर गंजाचा नखाएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. त्या सळ्या अख्खा पावसाळा तशाच उघड्या होत्या. किनाऱ्यावर घर घेणाऱ्यानं टाईल्सचा रंग नंतर ठरवावा. सळी कुठे उघडी पडलीय, किती महिने, आणि तिच्यावर काँक्रीट किती येणार, हे आधी बघावं. स्लॅब पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

खाली उतरलो तोवर वॉचमननं चहा केला होता. मी कप हातात घेऊन नुसता उभा राहिलो तसा तो म्हणाला, "घ्या साहेब, टँकरच्या पाण्याचा आहे. बोअरचा नाही."

मेहुण्यानं कप खाली ठेवला. "बोअरचं पाणी कशाला वापरतात मग?"

"ते मचूळ आहे ना. स्लॅबवर मारायला."

काँक्रीट बाहेरून ट्रकनं तयार येतं, ते ठीक. पण क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवायला, मचूळ पाणी मारलं की मीठ वरून आत झिरपतं आणि सळी आतून गंजायला लागते. आरसीसीसाठी, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटसाठी, वापरायच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आम्ही बिसलेरीची रिकामी बाटली बोअरच्या नळावर विसळून भरून घेतली, लॅबला द्यायला. तुम्हीही एक बाटली न्या. साईटवर सर्वांत खरं बोलणारा माणूस वॉचमन असतो, त्याच्याशी पाच मिनिटं बसा.

नंतर गटार. महारेराच्या वेबसाईटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की दर तिमाहीचा प्रगती अहवाल दिसतो. त्यात इमारतीच्या टक्क्यांखाली सामायिक कामांचा तक्ताही असतो: रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, पावसाळी गटारं, दिवे. लोक तिथपर्यंत जातच नाहीत. आमच्या अहवालात पावसाळी गटार पूर्ण. आम्ही त्या गटाराच्या कडेनं चालत गेलो. कारंज्यापासून निघतं, आमच्या रांगेमागून जातं आणि कंपाऊंडच्या भिंतीशी संपतं. पलीकडे भाताचं शेत. भिंतीला भोक नाही. भिंतीच्या गिलाव्यावर गुडघ्याच्या खाली चिखलाची सरळ रेघ होती, यंदाच्या पाण्याची. शेताच्या बांधावर एक आजोबा गवत कापत होते, त्यांना विचारलं. "पानी जाईल खंय?" म्हणाले आणि परत विळा चालवायला लागले. पुढच्या जुलैत गमबूट घालून यायचं ठरलंय.

साईट इंजिनिअर पोरगा भला होता. पापुद्र्याचे फोटो बघून गप्प झाला. त्या सळ्या घासून, तपासून मगच काँक्रीट टाकू, छज्ज्याचे ब्लॉक बदलू, स्लॅबच्या आदल्या दिवशी फोन करतो म्हणाला. तरी मी तेच सगळं फोटोंसकट त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल केलं. तोंडी कबूल झालेलं लेखी करून टाका. आणि ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असं रेरा कायद्यात आहे, तेव्हा आत्ताचे तारखेचे फोटो जपून ठेवा.

अजून बुक केलं नसेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सातबारा आणि जमीन बिगरशेती असल्याचा कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. शेतजमिनीचा 'ॲग्री प्लॉट' कुणी गळ्यात मारत असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला तो सरळ घेता येत नाही. आणि भरतीरेषेचा नकाशा मागा. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम घालणाऱ्या २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर बांधकामबंदीचा पट्टा आहे. 'समुद्र दोन मिनिटांवर' ही जाहिरात वाचली की मला आता आधी तो नकाशा आठवतो. नोंदणीकृत करार न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेताही येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

जेवण चोंढी नाक्याजवळ केलं, सुरमई ठीक, सोलकढी उत्तम. साडेतीनला मांडव्याला पोचलो. बोटीत वरच्या डेकवर वारा होता. सौ.ला तहान लागली, तिनं पिशवीत हात घातला, हाताला आली ती बाटली उघडली आणि एक मोठा घोट घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

लॅबचा अहवाल बुधवारी मिळणार आहे. घरातला शनिवारीच आला, आणि तो इथे छापण्याजोगा नाही.