शेतात पडलेला तुकडा कोणाचा?

पुणे, शनिवार रात्र

आकाशातून जळत काही गेलं की पहिला तासभर ‘उल्का की क्षेपणास्त्र’ यावर जातो, आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत वाद ‘रॉकेटचा किंवा उपग्रहाचा तुकडा पडून नुकसान झालं तर भरपाई कोण देणार’ इथे येऊन पोचतो. आज पुन्हा तोच वाद वाचला आणि पुन्हा तीच गोष्ट खटकली. सगळे कायद्यावर तुटून पडतात: कायदाच नाही, मोठ्या देशांना कोण विचारतो, वगैरे. या बाबतीत कायदा आहे आणि तो चांगला रोखठोक आहे. कच्चा राहतो तो पुरावा, आणि तो पहिल्या दोन-चार तासांतच कच्चा राहतो. म्हणून आज हे सविस्तर लिहून ठेवतो.

आधी कायदा. १९६७ च्या अवकाश करारानंतर १९७२ मध्ये खास दायित्वाचा, म्हणजे नुकसानीची जबाबदारी कोणाची हे ठरवणारा, वेगळा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं कलम २ सांगतं की अवकाशातल्या वस्तूमुळे जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर प्रक्षेपण करणारा देश पूर्ण जबाबदार. त्याची चूक होती की नव्हती हे सिद्ध करायची गरज नाही. चूक सिद्ध करावी लागते ती वर, अवकाशातच दोन वस्तू धडकल्या तर; ते कलम ३. १० फेब्रुवारी २००९ ला अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर धडकले, तेव्हा पेच हाच होता: बंद उपग्रहाची चूक म्हणायची, की चालू उपग्रहाने बाजूला न होण्याची? वादात ही दोन कलमं सर्रास एकमेकांत मिसळली जातात आणि तिथून पुढे दोन्ही बाजू वेगळ्याच विषयावर भांडत राहतात.

‘प्रक्षेपण करणारा देश’ म्हणजे नुसता रॉकेट बनवणारा नव्हे. उडवणारा, उडवून घेणारा, ज्याच्या भूमीवरून उडालं तो, ज्याच्या तळावरून उडालं तो, असे सगळे त्यात येतात. रॉकेट खाजगी कंपनीचं असलं तरी दावा देशावरच होतो. भारत या करारात १९७९ मध्ये आला. त्याच वर्षी जुलैमध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पडली होती. तेव्हाची धास्ती घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, अजून आठवते.

करारातल्या ‘नुकसान’ या शब्दाची व्याख्या मात्र नीट वाचायला हवी. मृत्यू, इजा, आरोग्याची हानी, मालमत्तेची हानी, एवढंच त्यात येतं. नुसतं काहीतरी पडणं म्हणजे नुकसान नव्हे, आणि भीती वाटली म्हणूनही काही मिळत नाही. साफसफाईचा खर्च धरायचा का, यावर एकच मोठं उदाहरण आहे. २४ जानेवारी १९७८ ला अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तर भागात पडला. बर्फात विखुरलेले किरणोत्सारी तुकडे शोधायला कॅनडाने सुमारे १ कोटी ४० लाख कॅनेडियन डॉलर खर्च केले, मागितले ६० लाख, आणि १९८१ मध्ये मिळाले ३० लाख. तेही सोव्हिएत संघाने जबाबदारी मान्य न करता दिले. पण दिले, हे महत्त्वाचं. आणि ते मिळण्यामागे महिनोन् महिने केलेली नोंद होती: कोणता तुकडा, कुठे, कधी, किती किरणोत्सर्ग.

आता आपल्याकडचं बघू. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातमधल्या लोकांनी आकाशात जळत्या ठिपक्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली, आजूबाजूच्या भागात गोळे सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पहिल्यांदा ‘उल्कावर्षाव’ म्हणून व्हिडिओ फिरले. मग संशय गेला त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटवर. कक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिले, तेव्हा नाव पुढे आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं (एकावर एक रचलेल्या भागांपैकी तिसऱ्या भागाचं). म्हणजे वर्षभराहून जास्त काळ तो टप्पा पृथ्वीभोवती फिरत होता. पडलेल्या दिवशी कोण काय उडवत होतं, याचा इथे काही संबंध नसतो, आणि सर्वांत जास्त गफलत होते ती इथेच.

ओळख पटवण्याचा पाया वेळ आहे. खालच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटर जाते, म्हणजे एका सेकंदात जवळजवळ स्वारगेटहून हडपसर. वेळेत एका मिनिटाची चूक झाली तर मार्गावर साडेचारशे किलोमीटरची चूक. पुण्याहून हवाई अंतराने ती अकोल्याच्या पुढे जाते. आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीची घड्याळं तर पाच-पाच मिनिटं मागेपुढे असतात, कारण डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, इंटरनेटला जोडलेला नसतो आणि वीज जाऊन आली की वेळ सरकते. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलवर सेकंदासकट घड्याळ उघडायचं, स्क्रीन कॅमेऱ्यासमोर धरायची आणि तेवढं फुटेजही जपून ठेवायचं. डीव्हीआरची वेळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे हे त्यात कायमचं नोंदलं जातं. डीव्हीआरची वेळ ‘दुरुस्त’ मात्र करू नका. ती केली की जुन्या फुटेजमधला फरक सांगायला काही उरत नाही. आणि फुटेज त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्या. बहुतेक ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत जुन्यावर नवं लिहिलं जातं.

मोबाइलवर व्हिडिओ घेत असाल तर झूम करू नका. ठिपका मोठा दिसून काही कळत नाही. चौकटीत इमारतीची कड, पाण्याची टाकी, विजेचा खांब असं स्थिर काहीतरी हवं. दुसऱ्या रात्री त्याच जागेवर उभं राहून तीच चौकट ताऱ्यांसकट टिपली की त्या कडेची दिशा आणि उंची अंशांमध्ये काढता येते. पुण्यातून एक आणि शंभरेक किलोमीटरवरून, समजा अहिल्यानगरहून, दुसरं असं चित्रण मिळालं तर मार्ग आणि उंची दोन्ही निघतात. एकाच ठिकाणच्या दहा व्हिडिओंतून ते निघत नाही.

उल्का की रॉकेट, हे डोळ्यांनीही बऱ्यापैकी ठरतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते, दोन-चार सेकंदांत संपते. परतणारा टप्पा हळू, जवळजवळ आडवा जातो, मिनिटभर किंवा जास्तही दिसतो आणि तुटत तुटत एकामागे एक ठिपके सोडतो. स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांची माळ यात येत नाही. ते ठिपके एकसारखे पांढरे असतात, जळत नाहीत, शेपूट नसते.

‘आधीच का सांगितलं नाही’ हा प्रश्नही दर वेळी येतो. अनियंत्रित परतीचा, म्हणजे कोणी न वळवता आपोआप खाली येणाऱ्या वस्तूचा, अंदाज उरलेल्या वेळेच्या साधारण दहा-वीस टक्क्यांनी चुकतो. दहा तास आधीचा अंदाज एक-दोन तास इकडेतिकडे, आणि तेवढ्यात वस्तू पृथ्वीला प्रदक्षिणा घालून येते. सूर्याच्या हालचालींनी वरचं वातावरण फुगतं-आकसतं, वस्तू कोलांट्या खाते, तिला होणारा हवेचा अडसर क्षणोक्षणी बदलतो. अमुक तालुक्यात पडेल असा नेमका नकाशा कोणी आदल्या दिवशी दाखवत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता प्रत्यक्ष तुकडा. जमिनीपर्यंत येतो तो बहुतेक वेळा टाकीचा गोळा, कडी किंवा मोटरचं कवच. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टायटॅनियम १,६६८ अंशांना, म्हणून टायटॅनियमचे गोळे वाचतात. शिवाय पोकळ असल्याने ते वरच्या विरळ हवेतच वेग गमावतात. कार्बन धाग्यांनी गुंडाळलेल्या टाक्याही अशाच वाचतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलंडमध्ये पोझनानजवळ फाल्कन ९ या अमेरिकी रॉकेटची तशीच टाकी पडली. गोळा रिकामा दिसला तरी हात लावू नका. काही टाक्यांत हायड्राझिन हे इंधन असतं. ते विषारी, त्वचेतूनही आत जातं, वास अमोनियासारखा किंवा मासळीसारखा येतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. तांबूस धूर दिसला तर नायट्रोजन टेट्रॉक्साइड असू शकतं; इंधन जाळायला वापरतात ते हेही विषारीच. तुटलेल्या कार्बन धाग्यांची कुसळं बोटांत आणि श्वासात जातात. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला निदान पन्नास मीटर लांब थांबायचं, जनावरं आणि पोरं दूर करायची, ११२ ला फोन करायचा. पुणे जिल्ह्यात एक जमेची गोष्ट आहे: राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरेला आहे. रासायनिक धोक्याचं प्रशिक्षण असलेली माणसं लांबून आणावी लागत नाहीत.

लांबूनच फोटो काढा, पण कामाचे काढा. चारही बाजूंनी, खड्ड्यासकट, आणि मापासाठी शेजारी माहीत असलेल्या लांबीचं काहीतरी दिसेल असे. कोरलेला क्रमांक, वेल्डची रेघ, रंगाचा पट्टा दिसत असेल तर तो वेगळा. अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहा. तुकडा पुसायचा नाही, धुवायचा नाही. पृष्ठभागावरच्या काजळीतून आणि वितळलेल्या थरातून तो किती तापला ते कळतं. आणि हे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवू नका. तिथे फोटो दाबून लहान होतो, वेळ-ठिकाणाची आतली नोंद गळून पडते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल न कापता, न फिरवता त्याच फोनमध्ये राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र मागतं: भाग अ फाइल सादर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, लिहावं लागतं. मूळ फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी हॅश बदलतो. देशादेशांतल्या दाव्याला हे कलम बांधून ठेवत नाही, पण विम्याचं भांडण शिवाजीनगरच्या कोर्टात गेलं तर हेच विचारतील.

तुकडा भंगारात देणं तर अजिबात नको. १९६७ च्या कराराच्या कलम ८ नुसार वस्तू कुठेही पडली तरी मालकी बदलत नाही. अंतराळवीर आणि वस्तू परत करण्याबाबतच्या १९६८ च्या करारानुसार ज्या देशात ती सापडली त्याने प्रक्षेपण करणाऱ्याला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं, मागितली तर परत करायची, आणि ती मिळवण्याचा-परत करण्याचा खर्च प्रक्षेपण करणाऱ्याने द्यायचा. ‘माझ्या रानात पडलं ते माझं’ हा युक्तिवाद उभा राहत नाही. शिवाय गोळा भंगारवाल्याच्या गाडीतून गेला की तो कुठे पडला होता हा पुरावाही गेला.

दावा शेतकरी स्वतः करू शकत नाही. तो सरकारने राजनैतिक मार्गाने करायचा, आणि मुदत एक वर्षाची: घटना घडल्यापासून, किंवा जबाबदार देश कळल्यापासून. वर्षभरात बोलणी जमली नाहीत तर तीन सदस्यांचा दावा आयोग मागता येतो. म्हणजे ग्रामपंचायतीतून तहसील, जिल्हाधिकारी, तिथून दिल्ली, एवढा प्रवास त्या कागदाने वेळेत करायला हवा.

आपण नेहमी झळ सोसणाऱ्याच्याच बाजूला असतो असंही नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर जे मोठं नळकांडं वाहत आलं, ते इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं. इस्रो याबाबत हलगर्जी आहे असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह मुद्दाम प्रशांत महासागरावर आणून पाडला, आणि पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा ६५० वरून ३५० किलोमीटरवर उतरवला, म्हणजे तो २१ मार्च २०२४ ला लवकर संपला. पण आता स्कायरूट, अग्निकुल यांसारख्या खाजगी कंपन्याही रॉकेट बनवत आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक उड्डाणाची आंतरराष्ट्रीय जबाबदारी भारत सरकारची. सरकारने भरलेली रक्कम कंपनीकडून किती आणि कशी वसूल करायची, हे संसदेच्या कायद्यात असायला हवं. विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही. २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण धोरण दाखवून कोर्टात भरपाई मिळत नाही.

आणि खरी पोकळी आहे ती पुढे. दायित्व कराराचं कलम ७ म्हणतं की प्रक्षेपण करणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. ८ मार्च २०२४ ला फ्लोरिडात नेपल्सच्या एका घराचं छप्पर फोडून ७०० ग्रॅमचा तुकडा आत आला, अंतराळ स्थानकावरून टाकलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा. त्या कुटुंबाला अमेरिकेच्याच कायद्याखाली नासाकडे दावा करावा लागला. भारतीय टप्प्याचा तुकडा उद्या जुन्नर-इंदापूरकडे गोठ्यावर पडला, तर १९७२ च्या कराराचा त्या शेतकऱ्याला काहीही उपयोग नाही, आणि परदेशी माणसाला चूक सिद्ध न करता जे मिळतं ते त्याला दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षं भांडून मागावं लागेल. नव्या कायद्यात निदान हे एक कलम हवंच: भारतीय वस्तूमुळे भारतीयाचं नुकसान झालं तर चूक न विचारता भरपाई, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. यंत्रणा नवी उभारायला नको. अवकाळी झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक बांधावर येऊन संयुक्त पंचनामा करतात. नुकसानीच्या कारणांमध्ये एक रकाना वाढवायचा आणि त्याच्यापुढे पडल्याची वेळ सेकंदासकट लिहायची.